इंग्रजीतल्या 'चुका': कुठे बोट ठेवावे, कुठे सोडून द्यावे

प्रश्न असा आहे: एकत्र काम करणारी माणसे एकमेकांच्या इंग्रजीवर सतत खुणा करतात. कुणी 'लेस' खोडून 'फ्युअर' लिहितो, कुणाला 'होपफुली' दिसले की चीड येते, कुणी 'बट'ने सुरू झालेले वाक्य चालूच देत नाही. यातले खरे नियम कोणते, आणि दुसऱ्याचा मजकूर तपासताना नेमके काय दुरुस्त करायचे?

प्रत्येक आक्षेपाला आधी एकच गोष्ट विचारावी. हे वाक्य असेच राहिले तर वाचणाऱ्याच्या हातून काही चुकेल का? चुकणार असेल तर दुरुस्ती हवीच. चुकणार नसेल तर तो नियम कुणी आणि कधी काढला ते शोधावे. इंग्रजीतल्या पुष्कळ लाडक्या नियमांचा जन्म कधी झाला ते सांगता येते, आणि ते कळले की निम्मे वाद तिथेच मिटतात.

वाक्य प्रेपोझिशनने ('इन', 'ॲट' यांसारख्या संबंध दाखवणाऱ्या छोट्या शब्दाने) संपवू नये, हा त्यातला एक जुना नियम. १६७२ मध्ये इंग्रज कवी जॉन ड्रायडन यांनी आधीच्या पिढीतले नाटककार बेन जॉन्सन यांच्या एका ओळीवर हा आक्षेप घेतला आणि पुढे स्वतःच्या जुन्या गद्यातूनही असे शेवट काढून टाकले. पण इंग्रजी बोलणारे त्याआधी शेकडो वर्षे असेच बोलत होते आणि नंतरही बोलत राहिले. 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' हे सरळ इंग्रजी आहे. नियम पाळायचा म्हणून 'ॲट व्हॉट आर यू लुकिंग?' केले की वाक्य अवघडून जाते. 'द बेड वॉज नॉट स्लेप्ट इन' मधला 'इन' तर दुसरीकडे हलवताच येत नाही. या नियमाच्या धाकाने मात्र एक खरी चूक जन्माला येते: 'द हाउस इन व्हिच ही लिव्ह्ज इन'. लेखक प्रेपोझिशन पुढे नेतो आणि मागचे काढायला विसरतो. मजकूर तपासताना शोधायचे ते हे दुहेरी 'इन'.

'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, हा नियम त्याहून बराच अलीकडचा. इंग्रज धर्मगुरू हेन्री आल्फर्ड यांनी १८६४ मध्ये या रचनेला नावे ठेवली आणि पुढच्या दोन पिढ्यांत ते पाप ठरले. १९२६ साली इंग्रज कोशकार फाउलर यांनी इंग्रजीच्या वापरावरच्या आपल्या प्रसिद्ध कोशात या बाबतीत माणसांचे पाच वर्ग केले. न जाणणारे आणि पर्वा न करणारे हा पहिला. जाणून-समजून योग्य तिथे फरक करणारे हा शेवटचा. आपण त्या शेवटच्या वर्गात असावे, कारण इथे क्रियाविशेषणाची जागा बदलली की कधी कधी अर्थच बदलतो. 'ही फेल्ड टू कम्प्लीटली अंडरस्टँड' म्हणजे त्याला पूर्ण समजले नाही, थोडे समजले. 'ही कम्प्लीटली फेल्ड टू अंडरस्टँड' म्हणजे काहीच समजले नाही. आणि 'ही फेल्ड कम्प्लीटली टू अंडरस्टँड' असे मधोमध ठेवले तर वाचणारा क्षणभर अडखळतो. 'वी एक्स्पेक्ट सेल्स टू मोअर दॅन डबल' या वाक्यात तर 'मोअर दॅन' दुसरीकडे कुठेच जात नाही. म्हणून या रचनेवर सरसकट खूण करू नये. क्रियाविशेषण ज्या क्रियापदाचे आहे त्याच्याच शेजारी आहे ना, एवढे पाहावे. 'अँड' आणि 'बट'ने वाक्य सुरू करण्यावरच्या बंदीला तर कसलाच आधार नाही. प्रत्येक परिच्छेदात तीनदा झाले तर कंटाळवाणे होते, एवढीच त्यातली अडचण.

'लेस' आणि 'फ्युअर' (दोन्हींचा अर्थ 'कमी') यांच्याबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण इथे नियमही आहे आणि नियमाचा अतिरेकही. रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये लिहिले की, मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी 'फ्युअर' त्यांना अधिक बरे वाटते. ती एका माणसाची आवड होती. नंतरच्या व्याकरणकारांनी तिचा कायदा केला. आज छापील, औपचारिक इंग्रजीत अनेकवचनी, सुटे मोजता येणाऱ्या नामाआधी 'फ्युअर' अपेक्षित असते: 'फ्युअर एरर्स', 'फ्युअर पीपल'. तिथे 'लेस' लिहिले तर अर्थ बिघडत नाही, पण औपचारिक मजकुरात ते बदलावे. गोंधळ होतो तो पुढे. वेळ, अंतर, वजन आणि पैसा यांचे आकडे अनेकवचनी दिसले तरी आपण ते एक सलग प्रमाण म्हणून मोजतो, म्हणून तिथे 'लेस' बरोबर असते: 'लेस दॅन फाइव्ह माइल्स', 'लेस दॅन टेन इयर्स'. कुणी पाच मैल सुटे सुटे मोजत नाही. 'वन लेस प्रॉब्लेम' आणि 'फिफ्टी वर्ड्स ऑर लेस' ही रुळलेली रूपे आहेत, त्यांना हात लावू नये. टक्केवारीत कशाची टक्केवारी ते पाहावे: पाण्याची असेल तर 'लेस', माणसांची असेल तरी 'लेस दॅन थर्टी पर्सेंट' चालते, कारण मोजमाप टक्क्यांचे आहे. संगणकावर 'लेस' शोधून सगळीकडे 'फ्युअर' घालणारा माणूस हमखास 'फ्युअर दॅन टू किलोमीटर्स' असे वाक्य तयार करून ठेवतो, आणि ते मूळ वाक्यापेक्षा वाईट असते.

एकवचनी 'दे', म्हणजे एका माणसासाठी वापरलेले 'ते' या अर्थाचे इंग्रजी सर्वनाम, हा आज सर्वांत तापलेला विषय. 'ईच ॲप्लिकंट मस्ट साइन देअर फॉर्म' हे वाक्य चुकीचे आहे असे अजूनही शिकवले जाते. प्रत्यक्षात असा वापर चौदाव्या शतकापासून लेखी इंग्रजीत सापडतो. त्याला विरोध उभा राहिला तो अठराव्या शतकातल्या व्याकरणग्रंथांमुळे. १८५० मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून ठरवले की, कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात. त्यामुळे स्त्री-पुरुष दोघांसाठी वापरायच्या पुल्लिंगी 'ही'ला ('तो') अधिकृत पाठबळ मिळाले. या वादात उपयोगी पडणारी आणखी एक गोष्ट आहे. 'यू' हेही मुळात अनेकवचन. एका माणसाला 'दाऊ' म्हणत. एका माणसाला 'यू' म्हणणे हे व्याकरणाचे पाप आहे, असे ठणकावून सांगणारे आख्खे पुस्तक क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे जॉर्ज फॉक्स यांनी सहकाऱ्यांसोबत १६६० मध्ये काढले. आज एकवचनी 'यू'बद्दल कुणाची तक्रार नाही, आणि 'यू'ने बहुवचनी 'आर' सोबत ठेवला म्हणून कुणी अडतही नाही. 'दे'चेही तसेच: माणूस एक असला तरी क्रियापद 'दे आर' असेच राहते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१९ च्या शैलीपुस्तिकेने हा वापर मान्य केला आहे.

तरी 'दे' डोळे मिटून वापरू नये. शेजारी दुसरे अनेकवचनी नाम असले की खरा घोटाळा होतो. 'व्हेन अ स्टुडंट मीट्स द टीचर्स, दे शुड ब्रिंग द फॉर्म': फॉर्म कुणी आणायचा? इथे 'ही ऑर शी' घालून सुटका करून घेण्यापेक्षा 'द स्टुडंट शुड ब्रिंग द फॉर्म' असे नाम परत लिहावे. नामाची पुनरुक्ती इंग्रजीत लोक उगाच टाळतात. सूचना आणि करार यांत ती गुण आहे.

आता ज्यांचा अर्थ सरकतो आहे असे शब्द. 'लिटरली'चा ('शब्दशः') अतिशयोक्तीसाठी वापर ही आजच्या मुलांची करामत आहे असे समजले जाते. ऑक्सफर्ड कोशात त्याचा दाखला १७६९ चा आहे. 'होपफुली' म्हणजे 'आशेने', 'आशा आहे की' नव्हे, हा आग्रह १९६० च्या दशकात अमेरिकेत जोरात होता. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने २०१२ मध्ये आपल्या शैलीपुस्तिकेत नवा अर्थ स्वीकारला. जे 'होपफुली'ला विरोध करतात तेच 'फ्रँकली', 'फॉर्च्युनेटली' त्याच जागी बिनदिक्कत लिहितात, आणि रचना तर तीच आहे. नामाचे क्रियापद करण्याचा रागही असाच जुना. १७८९ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी कोशकार नोआ वेब्स्टर यांना पत्र लिहून 'नोटिस', 'ॲडव्होकेट', 'प्रोग्रेस' क्रियापदासारखे वापरले जातात याबद्दल नापसंती कळवली होती. त्याआधी लेखक जोनाथन स्विफ्ट 'मॉब' या शब्दावर संतापले होते, कारण ते एका लॅटिन शब्दप्रयोगाचे तोडलेले रूप होते. हे चारही शब्द आज कुणाला खटकत नाहीत. म्हणून 'इम्पॅक्ट' क्रियापदासारखे वापरले म्हणून भांडू नये. मात्र ते कुठल्या दिशेने झाले, वाढले की घटले, हे त्या शब्दातून कळत नाही, ही तक्रार योग्य आहे. 'द न्यू रूल इम्पॅक्टेड सेल्स' वाचून विक्री वाढली की कमी झाली ते समजत नाही. तिथे 'कट' किंवा 'रेज्ड' लिहायला लावावे.

काही शब्द मात्र अशा अवस्थेत असतात की जुन्या अर्थाने वापरा की नव्या, वाचणाऱ्यांतला एक गट अडतोच. अमेरिकन कोशकार ब्रायन गार्नर यांनी अशा शब्दांना 'स्कंक्ड' म्हटले आहे आणि सल्ला दिला आहे की ते सरळ टाळावेत. 'डिसइंटरेस्टेड' हा त्यातला ठळक. निःपक्षपाती की अनुत्सुक? गंमत अशी की सतराव्या शतकात 'डिसइंटरेस्टेड'चा अर्थ अनुत्सुक असा होता आणि 'अनइंटरेस्टेड'चा निःपक्षपाती. इतिहास काहीही असो, अहवालात 'इम्पार्शल' लिहावे. 'बेग्ज द क्वेश्चन' म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणे की प्रश्न उभा करणे? दुसरा अर्थ हवा असेल तर 'रेझेस द क्वेश्चन' लिहावे. 'डेसिमेट' म्हणजे दहातला एक मारणे की मोठा नाश करणे? त्याच्या जागी किती नाश झाला तो आकडा द्यावा.

यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान करणारे शब्द आहेत आणि त्यांच्यावर कुणी चिडत नाही, याचे मला वाईट वाटते. 'बायमंथली' म्हणजे महिन्यातून दोनदा की दोन महिन्यांतून एकदा? कोशात दोन्ही अर्थ आहेत. तो शब्द दिसला की खोडावा आणि 'ट्वाइस अ मंथ' किंवा 'एव्हरी टू मंथ्स' लिहावे. 'बायवीकली'ही तसाच. 'नेक्स्ट फ्रायडे' काहींसाठी येणारा शुक्रवार असतो, काहींसाठी त्याच्या पुढचा. तारीख लिहावी, आणि तारखेत महिना अक्षरांत, कारण ०३/०४ म्हणजे ब्रिटिशांसाठी ३ एप्रिल आणि अमेरिकनांसाठी ४ मार्च. 'टेबल अ मोशन' म्हणजे ब्रिटनमध्ये ठराव चर्चेला घेणे, अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांत याच शब्दावरून बराच वेळ वाद झाल्याचे चर्चिल यांनी लिहून ठेवले आहे. 'सँक्शन' परवानगीही असते आणि निर्बंधही. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख किंवा नजरचूक. 'रिव्हर्ट' भारतीय, सिंगापुरी आणि मलेशियन इंग्रजीत 'उत्तर देणे' म्हणून चालते, इतरत्र त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणे एवढाच. बाहेरच्या वाचकाला पाठवताना 'रिप्लाय' लिहावे. 'प्रीपोन'वरची टीका मात्र मला पटत नाही: शब्द नेमका आहे, ऑक्सफर्ड कोशात आहे, आणि 'पोस्टपोन'च्या उलट क्रियेसाठी इंग्रजीत दुसरा एकशब्दी पर्याय सोपा नाही. अनोळखी वाचक असेल तर 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहावे, तेही नवी तारीख देऊन.

अर्थ खरोखर उलटतो तो वाक्यरचनेत आणि विरामचिन्हांत. नकार आणि 'बिकॉज' एकत्र आले की थांबावे. 'ही डिड नॉट रिझाइन बिकॉज ऑफ द पे' याचे दोन अर्थ होतात: पगारामुळे त्याने राजीनामा दिला नाही, किंवा दिला, पण पगारामुळे नाही. स्वल्पविरामाने थोडी मदत होते; 'बिकॉज ऑफ द पे' वाक्याच्या सुरुवातीला नेले की शंकाच उरत नाही. 'ऑल द टेस्ट्स डिड नॉट पास' हेही तसेच. एकही पास झाली नाही की काही झाल्या नाहीत? 'नॉट ऑल' किंवा 'नन' लिहावे. 'ओन्ली'ची जागा बोलण्यात सैल चालते, आवाजाच्या जोरावर अर्थ कळतो. लेखी अटींमध्ये ती सैल चालत नाही. 'वी ओन्ली रिफंड टिकेट्स बॉट ऑनलाइन' यात फक्त परतावा मिळतो आणि बदलून मिळत नाही, असाही अर्थ निघू शकतो. 'ओन्ली' ज्या शब्दाला लागू आहे त्याच्या लगेच आधी ठेवावा.

'दॅट' आणि 'व्हिच' यांचा वादही इथेच येतो. मर्यादा घालणाऱ्या उपवाक्याला 'दॅट' आणि जादा माहितीच्या उपवाक्याला 'व्हिच', ही वाटणी फाउलर यांनी १९२६ मध्ये सुचवली. अमेरिकन संपादक ती पाळतात, ब्रिटिश फारशी नाही. खरे काम शब्द करत नाही, स्वल्पविराम करतो. 'द फाइल्स, व्हिच आर ओल्ड, शुड बी डिलीटेड' म्हणजे सगळ्याच फायली जुन्या आणि सगळ्याच काढायच्या. स्वल्पविराम काढले की फक्त जुन्या काढायच्या. त्यामुळे 'व्हिच'वर खूण करण्याआधी लेखकाला विचारावे: सगळ्या की काही? आणि 'व्हिच'चे सरसकट 'दॅट' कधीच करू नये, कारण 'इन व्हिच', 'ऑफ व्हिच' यांत 'दॅट' बसतच नाही.

यादीतल्या शेवटच्या घटकाआधीच्या स्वल्पविरामाची किंमत अमेरिकेतल्या मेन राज्यात ठरली. तिथल्या जादा कामाच्या मोबदल्याच्या कायद्यात सूट असलेल्या, म्हणजे ज्यांना हा मोबदला द्यावा लागत नाही अशा, कामांची यादी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' अशी संपत होती, आणि 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे ट्रकचालक माल वाटत, भरत नसत. वाटप हे यादीतले वेगळे काम की 'पॅकिंग'चाच एक हेतू? २०१७ मध्ये फर्स्ट सर्किट या अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने संदिग्धतेचा फायदा चालकांना दिला, आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली. पण हा स्वल्पविराम सगळीकडे घातला म्हणजे काम झाले, असेही नाही. 'आय मेट टॉम, अ डॉक्टर, अँड अ पायलट' यात टॉम स्वतःच डॉक्टर वाटतो, माणसे दोन की तीन ते कळत नाही, आणि हा घोटाळा त्या स्वल्पविरामानेच केला आहे. क्रम बदलून 'अ डॉक्टर, अ पायलट, अँड टॉम' केले की प्रश्न मिटतो.

चुकण्याच्या भीतीतून झालेल्या चुका वेगळ्याने शोधाव्या लागतात, कारण त्या शुद्ध दिसतात. लहानपणी 'मी अँड टॉम वेंट' म्हणू नये असे शिकवलेले असते, म्हणून माणूस 'बिट्वीन यू अँड आय' लिहितो. प्रेपोझिशननंतर इंग्रजी 'मी' ('मला') हवे, 'आय' नव्हे. दुसरे माणूस काढून पाहावे: 'शी इन्व्हायटेड टॉम अँड आय' मधून टॉमला काढले की 'शी इन्व्हायटेड आय' उरते आणि चूक उघडी पडते. 'हूम' लिहून रुबाब येतो असे वाटते, पण 'द मॅन हूम दे सेड वॉज गिल्टी' चूक आहे. तिथे 'ही' आणि 'हिम' घालून पाहावे: 'दे सेड ही वॉज गिल्टी', म्हणून 'हू'. शंका असेल तिथे 'हू' ठेवावे. चुकीच्या 'हू'पेक्षा चुकीचे 'हूम' जास्त खटकते.

स्पेलिंगच्या चुकांवर वाद नको, फक्त शोध हवा. 'इट्स'मध्ये ॲपॉस्ट्रॉफी फक्त 'इट इज' किंवा 'इट हॅज' साठी. मालकी दाखवताना नाही. 'अफेक्ट' बहुधा क्रियापद आणि 'इफेक्ट' बहुधा नाम, पण 'टू इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणे, तिथे 'अफेक्ट' करू नये. 'लूझ' आणि 'लूस', 'प्रिन्सिपल'ची दोन स्पेलिंगे, 'देअर'ची तीन रूपे: दोन्ही बाजूंचे शब्द कोशात असल्यामुळे स्पेलचेक बऱ्याचदा गप्प राहतो. अशा पंधरा-वीस शब्दांची यादी करून मजकूर पूर्ण झाल्यावर प्रत्येक शब्द शोधून एकेक ठिकाण डोळ्यांनी पाहावे. आपोआप बदल करू नये.

तपासण्याचा क्रम असा ठेवावा. पहिल्या वाचनात फक्त अर्थ: नकार, सर्वनामे, 'ओन्ली', उपवाक्ये, तारखा. दुसऱ्या वाचनात एकसारखेपणा: ब्रिटिश की अमेरिकन स्पेलिंग, यादीतला स्वल्पविराम, आकडे अक्षरांत की अंकांत. हे निर्णय एका पानावर लिहून सगळ्यांना द्यावेत. त्या पानावर जे ठरले ते व्याकरण म्हणून नव्हे, घरचा नियम म्हणून पाळायचे, म्हणजे त्यावरून कुणाची अक्कल काढायचे कारण उरत नाही. उघड चूक न विचारता दुरुस्त करावी. अर्थाला धक्का लागू शकतो तिथे दुरुस्ती न करता लेखकाला प्रश्न लिहावा. आणि जी खूण केली तिचे कारण 'अर्थ बदलतो' किंवा 'पानावर ठरले आहे' यांपैकी एकही देता येत नसेल, तर ती खूण पुसावी.

खात्री करायला मेरियम-वेब्स्टरच्या कोशातल्या वापरविषयक टिपा चांगल्या आहेत. त्यांचा १९८९ चा वापरकोश प्रत्येक वादाचा इतिहास दाखल्यांसह देतो. ब्रिटिश वाचकासाठी फाउलरची २०१५ ची आवृत्ती पाहावी. गूगलचे एनग्रॅम हे साधन छापील पुस्तकांतल्या शब्दांची वारंवारता दाखवते, पण ते शब्दाचे रूप मोजते, अर्थ नाही. 'होपफुली' वाढला हे त्यावरून कळेल, कुठल्या अर्थाने वाढला हे कळणार नाही.

वरिष्ठच जुना नियम धरून बसले असतील तर वाद न घालता वाक्य असे फिरवावे की प्रश्नच उरू नये. 'होपफुली' काढून 'वी होप' लिहिल्याने कुणाचे काही बिघडत नाही. पण त्यांच्या दुरुस्तीने अर्थ बदलत असेल तर गप्प बसू नये. दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहून, प्रत्येकाचा कोणता अर्थ निघतो ते समोर ठेवावे आणि यातला कोणता हवा आहे, एवढेच विचारावे.